खासगी शाळेत मुलावर अन्याय होतोय? तक्रार कुणाकडे, कशी आणि कोणत्या कायद्याने करायची?

फी भरली नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभं करणं. सगळ्यांना निकालपत्रक देऊन एकालाच 'पप्पांना ऑफिसमध्ये पाठव' असं सांगणं. गृहपाठ राहिला म्हणून छडी, चाचणीत कमी गुण पडले म्हणून अख्ख्या वर्गासमोर टोमणा. २५ टक्के कोट्यातून आलेल्या मुलीला 'तू आरटीईवाली ना, तुला सहलीचं काय करायचंय?' असं विचारणं.

यातलं काही घडलं की बहुतेक पालक दोन गोष्टी करतात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राग काढतात आणि घरी मुलाला सांगतात, 'जाऊ दे, वर्ष संपेपर्यंत काढ कसंतरी.' कारण एकच. तक्रार केली आणि शाळेने त्याचा राग मुलावर काढला तर?

ही भीती अगदीच पोकळ नाही. मूल रोज सहा-सात तास त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांसमोर बसतं. पण गप्प बसल्याने मूल सुरक्षित राहतं असंही दिसत नाही. फी वसुलीसाठी मुलाला पुढे करणाऱ्या शाळेला पालक कागदावर काहीच आणत नाहीत याची खात्री असते. म्हणून कायद्यात काय लिहिलंय ते आणि ते वापरायची पद्धत, दोन्ही माहीत असायला हवं.

अन्याय कशाला म्हणायचं?

गॅदरिंगच्या नाचात पुढच्या रांगेत घेतलं नाही, मॉनिटर केलं नाही, पेपरात दोन गुण कमी दिले, बडबड केली म्हणून जागा बदलली. मुलाला याचं वाईट वाटतं, पालकांनाही वाटतं. पण यातली प्रत्येक गोष्ट तक्रारीची नसते. असे विषय ओपन हाऊसच्या दिवशी किंवा वेळ घेऊन वर्गशिक्षकांशी बोललं तरी सुटतात.

पण मुलाच्या अंगाला हात लागला, त्याचा अपमान झाला, जात, धर्म, पैसा किंवा अपंगत्व यावरून त्याला वेगळं वागवलं, किंवा पालकांकडून काही वसूल करायला त्याचं शिक्षण अडवलं, तर ती नुसती नाराजी राहत नाही. या चारही गोष्टींविरुद्ध कायदा आहे.

यातला मुख्य कायदा म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. सगळे त्याला 'आरटीई' म्हणतात. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. बऱ्याच पालकांना वाटतं की आरटीई म्हणजे २५ टक्के मोफत प्रवेशाची लॉटरी, आपण तर पूर्ण फी भरतो, आपला काय संबंध? संबंध आहे. मारहाण, मानसिक छळ आणि शाळेतून काढून टाकणं याविरुद्धची त्यातली कलमं ६ ते १४ वयाच्या सगळ्या मुलांसाठी आहेत, फी भरणाऱ्यांसाठीही. बोर्ड राज्याचं, सीबीएसई की आयसीएसई, यानेही फरक पडत नाही. 'आमची शाळा सीबीएसईची आहे, शिक्षणाधिकाऱ्यांचा इथे अधिकार नाही' असं उत्तर कधीकधी काउंटरवर मिळतं. ते चुकीचं आहे. बोर्ड संलग्नता देतं, पण शाळा चालते राज्य सरकारच्या परवानगीवर.

फी थकली तर शाळा काय करू शकते आणि काय नाही?

सर्वाधिक भांडणं फीवरूनच होतात, आणि दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं असतं. विनाअनुदानित शाळेला पगारासाठी सरकारकडून पैसे मिळत नाहीत, ती फीवरच चालते. थकबाकी मागण्याचा तिला हक्क आहे. पत्र पाठवणं, पालकांना बोलावणं, हप्ते ठरवून देणं, शेवटी वसुलीसाठी दिवाणी न्यायालयात जाणं, हे सगळं ती करू शकते.

हा व्यवहार शाळा आणि पालक यांच्यातला आहे. मूल त्यात येत नाही.

आरटीईच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतच्या कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात बदल होऊन पाचवी आणि आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे. तरीही फी थकल्यावर शाळांच्या पत्रात 'नाव कमी करण्यात येईल' हे वाक्य येतंच. आठवीपर्यंतच्या मुलाच्या बाबतीत या धमकीला कायद्याचा आधार नाही.

कोरोनाच्या काळात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. राजस्थानातल्या खासगी शाळांच्या फीबद्दल ३ मे २०२१ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने १५ टक्के फी कपात सांगितली आणि फी थकली म्हणून विद्यार्थ्याला वर्गात बसण्यापासून रोखू नये, निकाल अडवू नये असंही बजावलं. हा आदेश त्या वर्षापुरता आणि त्या राज्यापुरता होता. महाराष्ट्र सरकारने त्याच निकालाच्या धर्तीवर ऑगस्ट २०२१ मध्ये १५ टक्के कपातीचा शासन निर्णय काढला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या खासगी शाळेने वाढीव फी न भरणाऱ्यांच्या मुलांना वर्गात न पाठवता ग्रंथालयात बसवून ठेवल्याचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आलं, तेव्हा न्यायालयाने शाळेला अत्यंत कडक शब्दांत झापलं.

थकबाकीचा आकडा मान्य करण्याआधी ती फी कायदेशीर आहे का, हेही बघायला हवं. महाराष्ट्रात शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ आहे. शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हायला हवा. त्याची कार्यकारी समिती हवी आणि तिच्यातले पालक इच्छुकांमधून सोडत काढून निवडले जायला हवेत. फीवाढीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावा लागतो. मंजूर झालेल्या फीपेक्षा जास्त रक्कम शाळा घेऊ शकत नाही.

प्रत्यक्षात अनेक पालकांना आपल्या वर्गातून समितीवर कोण आहे हेच माहीत नसतं. मुख्याध्यापकांच्या ओळखीतले चार पालक 'निवडून' येतात आणि सह्या होतात. म्हणून फीची तक्रार करायची असेल तर पहिला प्रश्न असा विचारावा: कार्यकारी समितीची यादी आणि फी मंजूर केलेल्या बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे?

याच कायद्यातली एक अडचण पालकांना त्रास देते. २०१८ च्या सुधारणेनुसार विभागीय शुल्क नियामक समितीकडे फीविरुद्ध तक्रार न्यायची तर शाळेतले किमान २५ टक्के पालक सोबत लागतात. दोन हजार मुलांच्या शाळेत ही संख्या शेकड्यांत जाते. एकट्या पालकाला हा दरवाजा जवळजवळ बंदच आहे, आणि तसा तो ठेवणं योग्य होतं का हा प्रश्न पालक संघटना तेव्हापासून विचारत आल्यात. म्हणून फी जास्त आहे ही तक्रार आणि फीवरून मुलाला त्रास दिला ही तक्रार वेगवेगळी लिहावी. पहिलीला २५ टक्के पालक लागतात. दुसरी एकटा पालकही करू शकतो.

दाखला अडवला तर?

शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजेच एलसी, हे शाळांच्या हातातलं सर्वात जुनं हत्यार. पालक शाळा बदलायचं म्हणाले की जुनी बाकी निघते, कधीकधी पुढच्या पूर्ण वर्षाचीही.

आरटीईचं कलम ५ सांगतं की मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. दाखला नाही म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही, हेही त्याच कलमात आहे. मात्र बदली मागण्याचा हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये जाण्यासाठी आहे. एका विनाअनुदानित शाळेतून दुसऱ्या विनाअनुदानित शाळेत जाताना नवी शाळा 'आधी एलसी आणा' म्हणून अडून बसू शकते.

कोरोनात अनेक कुटुंबांचं उत्पन्न बंद झालं, मुलं महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांकडे वळली आणि दाखले अडकले. तेव्हा, २०२१ मध्ये, राज्य सरकारने दाखला नसला तरी दहावीपर्यंत या शाळांमध्ये प्रवेश द्यावा असा आदेश काढला. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं की दाखला हे फी वसुलीचं साधन नाही, आणि दाखल्यावर थकबाकीची नोंद करता येणार नाही. तो निकाल तमिळनाडूतला आहे. महाराष्ट्रातल्या शाळेवर तो थेट बंधनकारक नसला तरी अर्जात त्याचा उल्लेख करायला काहीच हरकत नाही.

आता कागदाच्या दाखल्याबरोबर ऑनलाइन नोंदही लागते. विद्यार्थ्याचं नाव जुन्या शाळेच्या खात्यातून नव्या शाळेकडे गेलं नाही की आधार जुळणीपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडे अडचण येते. म्हणून दाखल्याच्या अर्जातच 'ऑनलाइन नोंदही वर्ग करावी' हे वाक्य घालावं. शाळा दाद देत नसेल तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्यावा.

मारहाण आणि अपमान

कलम १७ अगदी छोटं आहे: कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होईल. मानसिक त्रास म्हणजे काय, हे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत उलगडून दिलंय. टोमणे मारणं, नावं ठेवणं, चारचौघांत लाज वाटेल असं बोलणं, धमकावणं हे सगळं त्यात येतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलला म्हणून गळ्यात पाटी अडकवणं हा 'शिस्तीचा भाग' नाही, हे यावरून कळावं.

या कलमाची कमकुवत बाजूही लक्षात ठेवायला हवी. शिस्तभंगाची कारवाई करणार कोण? शिक्षकाचे मालक, म्हणजे संस्थाचालक. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांना १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याचं संरक्षण आहे. कुणाला थेट काढून टाकता येत नाही, रीतसर चौकशी लागते. त्यामुळे 'त्या टीचरला उद्यापासून काढा' ही मागणी सहसा कुठेच पोचत नाही. चौकशी करा, ती होईपर्यंत माझ्या मुलाच्या वर्गावर त्यांना पाठवू नका, आणि निष्कर्ष लेखी कळवा, ही मागणी जास्त टिकते.

मार लागला असेल तर त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात तपासणी करून घ्यावी, केसपेपर जपून ठेवावा आणि वळांचे फोटो काढावेत. इजा असेल तर पोलिसांकडेही जाता येतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलांची देखभाल ज्या संस्थेकडे सोपवलेली असते तिथल्या कर्मचाऱ्याने ते केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस ठाण्यात अनेकदा नुसती अदखलपात्र नोंद करून पाठवतात. कलम ७५ चा उल्लेख अर्जातच असेल तर निदान त्यावर बोलावं तरी लागतं.

जातीवरून अपमान झाला असेल तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अपंग किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून बाजूला काढलं जात असेल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याची तक्रार पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

आरटीईतून आलेल्या मुलाला वेगळं वागवलं तर?

२५ टक्के कोट्यातल्या मुलांचं वेगळं दुखणं आहे. शाळांचं म्हणणं असतं की सरकार प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर देत नाही. राज्यात वर्षाला एका मुलामागे १७,६७० रुपये ठरलेले आहेत आणि थकबाकीची तक्रार खरी आहे. पण तो हिशेब शाळा आणि सरकारमधला. या मुलांची वेगळी तुकडी करणं, त्यांना वेगळ्या वेळी बसवणं, संगणक कक्ष किंवा खेळाच्या तासातून वगळणं नियमांत बसत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलले होते. सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या कोट्यातून सूट दिली होती. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. थोडक्यात, ही मुलं शाळेच्या उपकारावर तिथे बसलेली नाहीत.

आठवीनंतर मात्र ही सवलत संपते. नववीची फी पालकांना भरावी लागते. ते आधीच माहीत नसेल तर फार मोठा धक्का बसतो.

तक्रार कशी लिहायची?

तोंडी तक्रारीचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुख्याध्यापिका चहा विचारतात, 'बघते मी' म्हणतात, आणि तीन महिन्यांनी 'आमच्याकडे अशी काही तक्रारच नाही' असं उत्तर येतं. पुढची प्रत्येक पायरी, शिक्षणाधिकारी असो, आयोग असो की न्यायालय, पहिला प्रश्न हाच विचारते: शाळेला लेखी कधी कळवलं?

अर्ज साध्या कागदावर चालतो. एका पानात मावायला हवा. रागाने लिहिलेली चार पानं कुणी वाचत नाही. घटना सांगावी, विशेषणं टाळावीत. उदाहरणार्थ असा:

'प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय: पाल्यास वर्गाबाहेर उभे केल्याबाबत. महोदय, माझा मुलगा इयत्ता ५ वी, तुकडी ब मध्ये शिकतो. दिनांक अमुक रोजी तिसऱ्या तासाला, फी थकल्याचे कारण सांगून, वर्गशिक्षकांनी त्याला सुमारे ४० मिनिटे वर्गाबाहेर उभे केले. त्या तासाचा अभ्यास बुडाला व त्याला वर्गासमोर अपमान सहन करावा लागला. हे शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ नुसार प्रतिबंधित आहे. कृपया चौकशी करून केलेली कार्यवाही आठ दिवसांत लेखी कळवावी. फीसंबंधी सर्व पत्रव्यवहार थेट माझ्याशी करावा, पाल्याशी नाही.'

शेवटचं वाक्य फार उपयोगी पडतं. त्यानंतर पुन्हा मुलाच्या डायरीत फीचा रिमार्क आला तर तो आयता पुरावा होतो.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाळेला, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही, म्हणजे पोच. कारकून 'मॅडम नाहीत, शिक्का देता येत नाही' म्हणाला तर वाद घालत बसू नये. तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवावा आणि शाळेच्या अधिकृत ईमेलवरही टाकावा. मुख्याध्यापकांसोबत बैठक झाली तर घरी आल्यावर लगेच 'आज आपण असं असं बोललात' असा दोन ओळींचा ईमेल करावा. नाकारायचं असेल तर शाळेलाही ते लिहूनच नाकारावं लागतं.

डायरीची पानं, फीच्या पावत्या, ग्रुपवरचे मेसेज आणि शाळेच्या सूचना एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. मूल जे सांगतं ते त्याच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवावं. त्याला दहा वेळा तेच तेच विचारू नये. मोठ्यांच्या प्रश्नांनी मुलाचं उत्तर बदलत जातं आणि नंतर 'पालकांनी पढवलं' हा आरोप होतो.

शाळेने ऐकलं नाही तर पुढे कुठे?

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही की पोच जोडून वरच्या कार्यालयात जायचं. ग्रामीण भागात तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आठवीपर्यंत प्राथमिक आणि त्यापुढे माध्यमिक विभाग. मुंबईत प्राथमिक वर्गांसाठी महापालिकेचे शिक्षणाधिकारी आणि माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक, ज्यांची कार्यालयं उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशी विभागलेली आहेत. त्यांच्या वर विभागीय शिक्षण उपसंचालक.

या कार्यालयांत अर्ज साहेबांच्या हातात देऊन येऊ नये. आवक-जावकच्या टेबलावर द्यावा आणि आवक क्रमांक घ्यावा. क्रमांक नसलेला कागद हरवला तर शोधायलाही कुणी बांधील नसतं.

कलम ३२ पालकांना आणखी एक रस्ता देतं, आणि तो फार कमी जण वापरतात. या कायद्याखालची तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी केली तर दोन्ही बाजूंना ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. निर्णय पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. म्हणून अर्जाच्या विषयातच 'कलम ३२ अन्वये तक्रार' असं लिहावं. नाहीतर तो नुसता एक अर्ज म्हणून शाळेकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' पाठवला जातो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर.

दोन-तीन महिने काही हललं नाही तर माहितीचा अधिकार कामी येतो. विनाअनुदानित शाळेकडे थेट माहिती मागता येत नाही असं शाळा सांगते. शिक्षणाधिकाऱ्यांकडे मात्र मागता येते. माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, शाळेची स्वमान्यता कधीपर्यंत आहे, असे प्रश्न विचारायचे. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अनेकदा उत्तर येण्याआधीच फाइल हलते.

ग्राहक मंचात जाण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो जपून घ्यावा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शैक्षणिक संस्थांचं शिकवण्याचं काम ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही असा निकाल दिला आहे.

मुख्याध्यापकांकडे आधी जायचं नाही, अशी एक वेळ

लैंगिक छळाचा संशय असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवायच्या. थेट पोलीस, ११२ किंवा चाइल्डलाइन १०९८. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ते केलं नाही तर त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. 'शाळेचं नाव खराब होईल, आपण आतल्या आत मिटवू' हे वाक्य म्हणणंच गुन्ह्याच्या दिशेने जातं.

बदलापुरात ऑगस्ट २०२४ मध्ये काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. एका खासगी शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, गुन्हा नोंदवायला पोलिसांनी तासन्‌तास लावल्याचा आरोप झाला आणि २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. माहिती पोलिसांना न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही गुन्हा दाखल झाला. त्यानंतर लगेच सरकारने सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि सखी सावित्री समिती याबद्दल शाळांना आदेश दिले. आपल्या शाळेत ही समिती आहे का आणि तक्रार पेटी कोण उघडतं, एवढं पालकसभेत विचारायला काही घडण्याची वाट पाहायची गरज नाही.

कायदा कुठे थिटा पडतो?

आरटीईची मर्यादा ६ ते १४ वर्षं. नर्सरी-केजीची मुलं आणि नववी-दहावीची मुलं या संरक्षणाच्या बाहेर राहतात, आणि हॉल तिकीट अडवण्याचे प्रकार नेमके दहावीलाच होतात. तिथे राज्य मंडळाच्या विभागीय कार्यालयात आणि माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे एकाच दिवशी अर्ज द्यावा लागतो. मुलाचं वय १८ च्या आत असेल तर बाल न्याय आणि पॉक्सो कायदे लागू होतातच.

दुसरी पोकळी अल्पसंख्याक शाळांची. प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळलं. मिशनरी शाळा असोत की भाषिक अल्पसंख्याकांच्या, शहरांतल्या अनेक नावाजलेल्या शाळा यात येतात. अशा शाळेविरुद्ध लिहिताना कलम १७ वर सगळी मदार ठेवू नये. फी कायदा, बाल न्याय कायदा आणि मंडळाचे नियम यांचा आधार घ्यावा.

तिसरी गोष्ट, अनुदानित शाळेत पालकांचा समावेश असलेली शाळा व्यवस्थापन समिती असते. विनाअनुदानित शाळेला ती बंधनकारक नाही. तिथे पालकांचा आवाज म्हणजे पालक-शिक्षक संघच, म्हणून त्याच्या सोडतीच्या दिवशी हजर राहणं महत्त्वाचं.

सोशल मीडियावर टाकावं का?

व्हिडिओ व्हायरल झाला की शाळा एका रात्रीत जागी होते, हे खरं. पण मुलाचं नाव, चेहरा, वर्ग, गणवेश टाकला की तो कायमचा टाकला. अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं, आणि पॉक्सोतही तशी मनाई आहे. स्वतःच्या मुलाची पोस्ट टाकणारे आई-वडीलही यात अडकू शकतात. शिक्षकाचं नाव घेऊन सिद्ध न झालेला आरोप लिहिला तर अब्रूनुकसानीची नोटीस येते, आणि मग मूळ तक्रार बाजूला पडून पालकच वकील शोधत फिरतात.

बोलायचंच असेल तर पोच मिळालेल्या अर्जाचा फोटो, नावं झाकून, जास्त बोलका असतो. आणखी परिणामकारक म्हणजे त्याच वर्गातल्या आणखी चार-पाच पालकांच्या सह्या. एका पालकाला 'तुमचंच मूल हट्टी आहे' सांगता येतं. पाच जणांना सांगणं अवघड जातं, आणि राग एका मुलावर निघण्याची शक्यताही कमी होते.

तक्रारीच्या काळात मुलाचं काय?

तक्रार सुरू असताना मूल शाळेत जातच असतं. त्याला सगळी कागदपत्रं दाखवण्याची गरज नाही, पण 'तुझी चूक नाही आणि आम्ही शाळेशी बोलतोय' एवढं सांगायला हवं. अर्जानंतर त्याची जागा बदलली, वही तपासणं बंद झालं, स्पर्धेतून नाव काढलं तर प्रत्येक गोष्ट तारखेसह नोंदवावी आणि 'तक्रारीनंतर पाल्यास मिळणारी वागणूक' असा वेगळा अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखणं, झोपेत दचकणं असं काही दिसलं तर समुपदेशकाकडे न्यावं. त्या नोंदी पुढे पुरावा म्हणूनही लागतात.

काही वेळा तक्रार जिंकूनही मूल त्या वर्गात रमत नाही. शाळा बदलायची ठरली तर दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्ये निकालाच्या दिवशीच द्यावा, जूनची वाट पाहू नये. मेमध्ये शाळेचं कार्यालय अर्धा वेळच उघडं असतं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात प्रवेशाच्या तक्रारी घेऊन आलेल्या पालकांची रांग असते.